दहा मिनिटांत आयर्लंड

बिराजदार सर म्हणाले, तिकडची संस्कृती थोडक्यात सांगा,
दहा मिनिटं. मग बक्षीस वाटप, मग खिचडी.
मी कागदावर लिहून आणलं होतं:
राजधानी, वीणेसारखं एक वाद्य, तीन पानांचं गवत,
मार्च महिन्यात हिरवे कपडे.
माईकनं शिट्टी मारली, पोरं हसली
आणि कागदावरचा देश मलाच परका वाटला.

म्हणून डिंपनापासून सुरुवात केली.
डिंपना! पोरं परत हसली.
वय एक्याण्णव, खोली नंबर सहा.
मी रात्रपाळीला असले की हिला झोप नको.
चहा एवढा कडक, की चमचा उभा राहावा.
तिच्या गावात कुणी काही पुढं केलं
की नको म्हणायचं,
दुसऱ्यांदाही नको,
तिसऱ्यांदा घ्यायचं.
हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

तिच्या शेतात एक काटेरी झाड, एकटंच.
वैशाखात पांढरं फुलतं.
त्याच्याखाली राहणाऱ्यांचं नाव कुणी घेत नाही,
'चांगली माणसं' म्हणतात, भीतीनं, हळू.
मोजणीवाले आले, झाड बघितलं,
रस्ता वाकवून गेले.
मागून कुणीतरी बोललं, आपला म्हसोबा तसाच की,
डांबरी त्याला वळसा घालून गेलीया.
सर घड्याळ बघायला लागले.

मग बटाटा.
जमिनीतच सडला, ओळीच्या ओळी काळ्या पडल्या.
डिंपनानं तो काळ पाहिला नव्हता, तिच्या आजीनंही नाही,
तरी उकडलेला बटाटा फोडला
की ती आधी हुंगायची.
अमेरिकेतून पिवळा मका आला.
उपाशी माणसांना दगड फोडायला लावले,
रस्ते केले,
कुठूनही निघून कुठंही न जाणारे,
डोंगरात अर्ध्यावर अजून तसेच आहेत.

पुढं सतरंजीवर धुरपताबाई,
नातवाचं लंगडीचं बक्षीस बघायला आलेली.
उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली,
"बहात्तरला लाल मिलो आली, ती बी तिकडलीच.
खडी फोडली म्या, ल्हान्या पोराला पाटीत निजवून.
त्यो रस्ता हाय की माळावर.
कुठं जातोय?
बोरीपस्तोर जातोय आन् बसतोय."
पोरं हसली.
या वेळी सर हसले नाहीत. घड्याळही बघितलं नाही.

शेवटी सांगितलं,
तिथं माणूस गेलं की घड्याळ थांबवतात, आरसा झाकतात,
खिडकी उघडतात, जाणाऱ्याला वाट म्हणून,
आणि रात्रभर उशाशी बसून चहा, तंबाखू, चावट गोष्टी.
पण डिंपनाच्या आत्याचं जागरण झालं जिवंतपणी.
बोस्टनचं तिकीट निघालं होतं.
जहाजात चढलेलं माणूस पुन्हा दिसत नसे,
म्हणून आदल्या रात्रीच त्याला गेलेलं धरायचं.
गाव जमलं, फिडल वाजलं,
आत्या पहाटेपर्यंत नाचली
स्वतःच्याच मयतीत.

माईकवर सांगितलं नाही ते हे:
हैदराबादच्या विमानतळावर मला सोडायला आलेली
दोन जीपभर माणसं,
आईनं बॅगेत कोंबलेली शेंगदाण्याची चटणी,
जहिराबादपर्यंत कुणीच काही बोललं नाही,
आणि मग मामाची चप्पल खिडकीतून पडली
तेव्हा सगळ्यांना एकदम सुटलेलं,
थांबता थांबेना असं हसू.

"मंग ती आत्या आली का माघारी?"
पत्रं आली, म्हणाले. डॉलर आले.
"आन् तू?"

सरांनी पहिलं नाव पुकारलं, लंगडी, मोठा गट.
टाळ्यांत मी स्टेजवरून उतरले.
धुरपताबाईनं पदराची गाठ सोडली,
मूठभर बोरं पुढं केली.
नको म्हणाले.
पुन्हा नको म्हणाले.
तिचा हात तसाच होता.